काही अडलं नसताना

कार्तिकात आत्याचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "दरवेळी काहीतरी अडलं की सोलापूरला येतीस. एकदा काही अडलं नसताना ये की." बोलण्यात राग नव्हता. पण फोन ठेवल्यावर मला हातातलं काम सुचेना.

एप्रिल २०२१ मध्ये हे एकोणीस दिवस रुग्णालयात होते, ऑक्सिजनवर. घरच्यांना आत सोडत नव्हते. संध्याकाळी फोन येईल तेवढीच खबर. त्या दिवसांत मी एक दोनशे पानी वही काढली आणि रोज रात्री १०८ वेळा 'ॐ नमः शिवाय' लिहू लागले. तिकडे सोलापुरात आत्यानं ग्रामदैवताला, सिद्धेश्वराला साकडं घातलं. ९ मेला हे घरी आले. त्या रात्रीही लिहायला बसले, ४३ पर्यंत पोचले आणि तशीच झोपी गेले. दुसऱ्या दिवशी वही उघडली नाही. पुढे कधीच उघडली नाही.

नवस फेडला, पण फेडायला मी गेले नव्हते. आत्याला पैसे पाठवले, अभिषेक तिनं करवून घेतला. नंतर लेकीला बंगळूरला नोकरी लागली, कर्ज फिटलं, आम्ही मोठ्या घरात राहायला आलो. नव्या घरातलं देवघर सागवानी आहे, फार सुंदर आहे. त्यासमोर बसणं मात्र सणावारापुरतं उरलं. संकटात ज्याला एक रात्र सोडलं नाही, त्याला घरातलं बरं झालेलं काहीच सांगितलं नव्हतं. आत्या बोलली नसती तर हे माझ्या ध्यानातही आलं नसतं.

म्हणून संक्रांतीला निघाले. पिशवीत ती वही टाकली. या खेपेला देवाकडे काही मागायचं नाही, एवढंच मनाशी धरलं होतं.

पहिला दिवस, १२ जानेवारी

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस. गाडीचं नाव रोज घेतलं जातं, पण आजची तारीख वेगळी होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, त्या दिवसांतलं हे प्रकरण. माझे आजोबा दरवर्षी या दिवशी संध्याकाळी चार पणत्या लावायचे. चारही नावं मोठ्यानं घ्यायचे आणि मग देवापुढे बसायचे. आज कुर्डुवाडी गेल्यावर अंधारात मी ती नावं मनातल्या मनात म्हटली.

आत्याचं घर बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत. दार उघडायच्या आधीच भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि लाल तिखटाचा वास आला. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा तिचा व्यवसाय आहे, हाताखाली तीन बायका आहेत, पुण्या-मुंबईला डबे जातात. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाली, "राहू दे गं. आधी जेव." पाहुण्याला बसा म्हणायच्या आधी जेवा म्हणणारं हे गाव आहे.

दुसरा दिवस, भोगी

पहाटे साडेचारला थापट्यांच्या आवाजानं जाग आली. चुलीपाशी गेले. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी आत्यानं ती वेगळ्या टोपलीत ठेवली, वर फडकं घातलं. ही भाकरी विकायची नाही आणि घरातही खायची नाही. दिवसभरात दारात जो कोणी भुकेला येईल त्याची. कोणी नाहीच आलं तर संध्याकाळी सिद्धेश्वराच्या वाटेवर कोणाला तरी देऊन यायचं. मी लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हाही ही टोपली होती.

तेव्हाचे दिवस मला ठाऊक आहेत. नव्वदच्या दशकात इथल्या गिरण्या थंडावत गेल्या, त्यात मामांची गिरणीही गेली. (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात.) सकाळच्या भोंग्यावर ज्या गावाचं घड्याळ चालायचं, तिथल्या माणसांना उठून जायचं कुठं हेच कळेना. मामा वर्षभर ओट्यावर बसून होते. आत्यानं शेजारणीकडून पायलीभर ज्वारी उसनी आणली आणि भाकऱ्या बडवून विकायला सुरुवात केली. घरात खायला पाच भाकऱ्या असायच्या, तेव्हाही त्यातली पहिली टोपलीत जायची. मामा एकदा चिडले होते, "आपल्यालाच पुरंना आन् तू वाटत बसलीस." आत्या काही बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपलीवर फडकं होतं.

दुपारी खेंगट आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी जेवलो. पावटा, हरभरा, गाजर, वांगं, वाटाणा, सगळं एकत्र शिजलेली भोगीची ती भाजी पुण्यात कधीच अशी होत नाही. मग आत्या माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लागली. पेटीत तिच्या हिशोबाच्या वह्या होत्या, सुरुवातीपासूनच्या सगळ्या.

मी तासभर त्या वह्या चाळत बसले. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', खाली तारीख, खाली हिशोब. ज्वारी, तेल, मीठ, सरपण, कोणाची उधारी. एका पानावर माथ्याची ओळ होती, तारीख होती आणि खाली नुसतं 'आज काही नाही'. तशी चार-पाच पानं लागोपाठ. मग गेल्या आठवड्याची वही पाहिली. अक्षर म्हातारपणानं तिरकं झालंय, रकमेला शून्यं वाढलीत. माथ्याची ओळ तशीच, तेवढ्याच आकाराची, तेवढ्याच सावकाश लिहिलेली.

"आत्या, अडचणीत लिहायचीस ते कळतं," मी म्हटलं. "आता सगळं चांगलं चाललंय. कामाच्या रगाड्यात राहून नाही जात?"

तिनं उत्तर दिलं नाही. पेटीच्या तळातून एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. माझ्या वडिलांनी तिला केलेल्या दोन तारा. एक मला पुण्यात नोकरी लागल्याची, दुसरी त्यांना दवाखान्यात ठेवल्याची. कागद पिवळे पडलेत, घड्यांवर विरलेत.

"तुझ्या बापानं दोन्ही केल्या," ती म्हणाली. "नुसती दुसरीच केली असती तर मला कसं वाटलं असतं?"

मी त्या तारा परत घडी करून दिल्या. माझ्याकडून देवाला गेलेल्या सगळ्या तारा दुसऱ्या प्रकारच्या होत्या.

संध्याकाळी नंदीध्वज पाहायला बाहेर पडलो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा हा पहिला मोठा दिवस, यण्णीमज्जनाचा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे याच सिद्धेश्वरांनी, या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. भोगीला सातही नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात आणि त्या लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. पांढऱ्या शुभ्र बाराबंदीतला तरुण तो उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून धरतो. चालताना त्याची नजर वर असते, पाय आपोआप पुढे पडतात आणि आजूबाजूच्यांचे हात त्याच्यासाठी तयार असतात. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" अशी हाक उठली की अख्खी गल्ली उत्तर देते. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे सगळे त्या एका हाकेला एकाच आवाजात उत्तर देतात. आमचं घर माळकरी, पंढरीचं. पण सोलापुरात राहून सिद्धेश्वर आपला नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

तिसरा दिवस, संक्रांत आणि एकादशी

यंदा दोन्ही एका दिवशी आल्या. संक्रांतीचं गोडधोड करायचं की उपास धरायचा, यावर गल्लीत सकाळपासून चर्चा. आत्यानं उपासच धरला. पौष वद्यातली ही षट्‌तिला एकादशी, हिच्यात तिळाचाच मान, त्यामुळे तिळगुळाला आडकाठी नव्हती. मीही तिच्याबरोबर भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली.

अक्षता सोहळा दुपारी. आम्ही अकराला संमती कट्ट्याजवळ जाऊन जागा धरली. या सोहळ्यामागची कथा इथल्या लहान पोरांनाही पाठ असते. कुंभाराच्या एका मुलीनं लग्न करीन तर सिद्धरामांशीच, असा ध्यास घेतला. ते योगी. त्यांनी आपला योगदंड पुढे केला आणि तिचं लग्न त्या योगदंडाशी लागलं. दरवर्षी संक्रांतीला तेच लग्न पुन्हा लागतं. वऱ्हाडी सगळं सोलापूर.

नंदीध्वज एकेक करून आले. पांढऱ्या बाराबंद्यांनी मैदान भरून गेलं, आजूबाजूच्या गच्च्यांवर आणि झाडांवर माणसं. संमती वाचन सुरू झालं तशी एवढी गर्दी गप्प झाली. मग "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" आणि एकाच वेळी लाखो हातांतून अक्षता उडाल्या. माझ्या डोक्यावर, खांद्यावर, शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवरल्या लेकराच्या केसांत तांदूळ पडले.

मी हात जोडले. आणि हात जोडल्याबरोबर मनात आपोआप सुरू झालं: ह्यांचं सगळं नीट राहू दे, लेकीचं लग्न जमू दे, गुडघ्याचं दुखणं… काही मागायचं नाही असं ठरवून आले होते, तरी जोडलेल्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. मागणं गिळलं तर आत बोलायला शब्दच उरले नाहीत. माझं आणि देवाचं बोलणं एवढ्या एकाच विषयावर चालत आलंय हे त्या मैदानात उभं राहून कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. डोळे भरून आले. शेजारच्या बाईला वाटलं दर्शनानं आले. तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

संध्याकाळी तलावाच्या काठी बसलो. मंदिर पाण्याच्या मध्यात, पलीकडे भुईकोट किल्ल्याची भिंत, पाण्यात यात्रेचे दिवे. आत्यानं सिद्धरामांची लहानपणची गोष्ट पुन्हा सांगितली. रानात गुरं राखणारं अबोल पोर. एक जंगम येतो, भूक लागली म्हणतो. पोरगं शेतातली कोवळी कणसं भाजून देतं. जंगम म्हणतो, आता दहीभात हवा. पोरगं घरी धावत जाऊन घेऊन येतं, तोवर जंगम दिसेनासा होतो. 'मल्लय्या, मल्लय्या' करत ते श्रीशैलापर्यंत जातं, कड्यावरून उडी घ्यायला निघतं, तेव्हा मल्लिकार्जुन हात धरतो आणि म्हणतो, परत गावी जा, लोकांची कामं कर. हे तळं त्या कामातलं.

गोष्ट ऐकलेलीच होती, पण यावेळी एक गोष्ट नव्यानं दिसली. देव आला तो कणसं भरलेल्या रानात आला. त्या पोरावर कसलंच संकट नव्हतं. उलट देवच मागायला आला होता.

आणखी एक कथा आहे, ती इथं कमी सांगतात, शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांच्या, परंपरेत जास्त. सिद्धरामांची तळी, देवळं, अन्नदान यांची कीर्ती भरात असताना त्या शरणांतले अल्लमप्रभू त्यांच्याकडे आले. एवढ्या कामात तुझा तू कुठं आहेस, असा त्यांचा रोख होता. सिद्धरामांनी ते बोल ऐकून घेतले आणि पुढे ते कल्याणला (आताचं कर्नाटकातलं बसवकल्याण), बसवण्णांच्या शरणांत गेले. इतकं मोठं चांगलं काम उभं केलेल्या माणसालाही कोणीतरी येऊन हाक मारावी लागली. मला तर हाक मारायला आत्याचा फोन पुरला, याचा मला आधार वाटला.

चौथा दिवस, द्वादशी

पारणं बार्शीला सोडायचं हे आत्यानं आधीच ठरवलेलं. एकादशी पंढरपूरला आणि द्वादशी बार्शीला, अशी जुन्या लोकांची रीत. पहाटे साडेपाचला गाडी सांगितली होती. वैरागच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली, दवानं पानं जड झालेली.

बार्शीचं भगवंताचं देऊळ तेराव्या शतकातलं. विष्णूला 'भगवंत' या नावानं इथं पुजतात. काळ्या पाषाणाची मूर्ती, कपाळावर शिवलिंग, छातीवर भृगूंच्या पावलाची खूण. उजव्या हाताखाली अंबरीष राजा. आणि लक्ष्मी? ती भगवंताच्या पाठीशी आहे. समोरून दिसत नाही.

मी गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभी होते. माझ्या घरात गेल्या काही वर्षांत लक्ष्मी आली, हे मी दिवसातून कितीदा तरी पाहते. भिंतींत, फरशीत, लेकीच्या पगाराच्या आकड्यात. ती ज्याच्या पाठीशी उभी आहे तो नजरेसमोर असायला हवा होता. मी मागची बाजूच बघत राहिले.

आत्यानं तुळशीचं पान तोंडात टाकलं, वर तीर्थ घेतलं. पारणं झालं. मग देवळाच्या ओवरीत बसून तिनं अंबरीषाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगते तशी मी याआधी कोणाकडून ऐकलेली नव्हती.

"सगळी पृथ्वी त्याची," ती म्हणाली. "त्याला काय कमी होतं? तरी वर्षभर एकादशी-द्वादशीचं व्रत धरलं. कशासाठी? कायसाठी न्हाई."

पारण्याच्या वेळी दुर्वास दारी आले. राजानं जेवायला बोलावलं, ऋषी नदीवर आंघोळीला गेले आणि रमले. द्वादशी सरत आलेली. पारणं न सोडावं तर व्रत मोडतं, पाहुण्याआधी जेवावं तर पाहुण्याचा अपमान. राजानं घोटभर पाणी घेतलं. ऋषी संतापले, जटेतून कृत्या नावाची राक्षसी काढली. सुदर्शनानं तिला जाळलं आणि मग ते ऋषींच्याच मागे लागलं. तिन्ही लोकी पळून शेवटी विष्णूकडे गेले, तर देव म्हणाला, मी भक्ताच्या हातात आहे, त्याच्याकडेच जा.

इथं आत्या थांबली. "आन् तो वर्षभर तसाच बसलेला. पाहुणा उपाशी गेला म्हणून जेवला न्हाई. राजा! ताटं वाढणारी शंभर माणसं असतील घरात."

दुर्वास परत आले तेव्हा राजानं प्रार्थना केली ती चक्र मागे घेण्यासाठी, त्यांना वाचवण्यासाठी. सगळं असलेल्या माणसाच्या तोंडी देवाजवळचं एकच मागणं, तेही दुसऱ्यासाठी. मला कालचं मैदान आठवलं.

देवळाबाहेर एका हॉटेलात आत्यानं दोन दिवसांनी पोटभर खाल्लं. वाटेत वाकडी वाट करून अरणला सावता महाराजांचं दर्शन घेतलं. सावता माळ्यांनी मळा सोडला नाही. कांदा-मुळ्यातच त्यांना विठाई भेटली. १२९५ सालच्या आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. त्या पुण्यतिथीच्या उत्सवाला पंढरीची पालखी इकडे येते, देव भक्ताकडे येतो. तिथं आम्ही पंधरा मिनिटंच होतो, पण आत्यानं समाधीजवळ उभं राहून आपल्या व्यवसायाची सगळी खबर सांगितली. कुजबुजत, आपल्या माणसाला सांगावी तशी. कोणत्या गिऱ्हाईकानं पैसे बुडवले, तिघींपैकी कोणाची लेक पहिली आली. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

रात्री पंढरपूर.

पाचवा दिवस

पहाटे चंद्रभागेवर गेलो. धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसेना, नुसता टाळांचा आवाज. पुंडलिकाचं दर्शन घेऊन नामदेव पायरीपाशी आलो. समोर चोखोबांची समाधी. आत्या तिथं माथा टेकून उभी राहिली. ज्यांना हयातीत देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ते महाद्वाराशी आहेत आणि आता प्रत्येकाला आधी त्यांच्यासमोरून जावं लागतं. देवळाचं दार सर्वांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच गावात उपोषण केलं. आत्याची आई, माझी आजी, तेव्हा पंढरपुरातच होती. दार उघडल्याची बातमी आली त्या दिवशी तिनं घरात गूळ वाटला, असं आत्या सांगते.

दर्शनाच्या रांगेत अडीच तास गेले. मनात एक भीती होती, परवासारखंच झालं तर? पायांवर डोकं ठेवायला मिळतात ते दोन-तीन क्षण, त्यात मी काय बोलणार? गाभारा आला, मागून हात पुढे ढकलू लागले, मी वाकले आणि तोंडातून आलं ते एवढंच: "हे बरे आहेत. घर झालं. तुला सांगायचं राहिलं होतं."

बाहेर आले तेव्हा हातपाय थरथरत होते. आत्यानं काही विचारलं नाही. पदरानं माझं तोंड पुसलं, मी सहा वर्षांची असल्यासारखं.

तिथून मंगळवेढा पंचवीसेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर काळी जमीन आणि तिच्यावर ज्वारी. हे पीक पावसाळा सरल्यावर येतं. मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर वाढतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आत्या तिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखते. गाडी थांबवून तिनं एक कणीस चोळून दाणा तोंडात टाकला आणि "हं" म्हणाली. बस्स.

दामाजीपंतांच्या देवळात आम्ही तासाहून जास्त बसलो. माझ्या या प्रवासातलं हे मला सर्वांत जवळचं ठिकाण ठरलं.

पंत बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी, मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला. माणसं झाडपाला खाऊ लागली. पंतांच्या घरात अन्न होतं, पद होतं, मान होता. दाराशी उपाशी माणसं उभी राहिली आणि त्यांनी कोठारं उघडली. सुलतानानं पकडून आणायला माणसं धाडली. पंत वाटेत पंढरीला शेवटचं दर्शन घेऊन निघाले. इकडे त्यांच्या आधीच दरबारात एक जण पोचला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी मंगळवेढ्याचा विठू महार, पंतांनी धान्याचे पैसे पाठवलेत. थैली ओतली, मोहरांचा ढीग झाला, पावती घेतली, निघून गेला. पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली.

लहानपणी ही चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकली होती. यावेळी मला पैसे भरल्याचा भाग मोठा वाटलाच नाही. कोठाराची किल्ली कमरेला असताना, स्वतःचं पोट भरलेलं असताना पंतांना दाराबाहेर कोण उभं आहे हे दिसलं, ते मोठं वाटलं. आमच्या नव्या सोसायटीच्या फाटकावर विचारल्याशिवाय कोणी आत येत नाही. तिथं राहायला आल्यापासून माझ्या दारात एकही भुकेला माणूस उभा राहिलेला नाही. हे मी आतापर्यंत सुख म्हणून मोजत होते.

आणि हेच गाव चोखोबांचंही. इथल्या वेशीचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले, १३३८ साली. नामदेव महाराज अस्थी न्यायला आले. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरीला नेली. आयुष्यभर ढोर कष्ट, अपमान, शेवटी वेठीची भिंत, आणि तोंडात तेच नाव. एक भरल्या कोठाराचा मालक, एक कोसळणाऱ्या भिंतीखालचा मजूर. दोघांचं गाव एक, दोघांच्या ओठांवर विठोबा एकच. पंतांसाठी जायची वेळ आली तेव्हा त्या विठोबानं रूप घेतलं ते चोखोबांच्या माणसांचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. देवळाच्या थंड फरशीवर बसल्या बसल्या दोन्ही गोष्टी एकमेकींना येऊन मिळाल्या.

संध्याकाळी सोलापूर. रात्री जेवणं झाल्यावर मी पिशवीतून वही काढून आत्याला दाखवली. एकोणीस रात्रींची भरलेली पानं, शेवटचं अर्धं. तिनं बोट ओळींवरून फिरवत सगळी पानं पाहिली, एकही सोडलं नाही. अर्ध्या पानाशी आली.

"पुढं कोरी हायत की."

"हो."

तिनं चष्मा नीट केला, पेन घेतलं, ४३ च्या खाली एक आडवी रेघ मारली आणि नवीन ओळीवर सावकाश लिहिलं, 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'. खाली तारीख. खाली: ज्वारी ५० किलो, शेंगदाणे १० किलो, पुण्याचे डबे १४. मग वही माझ्याकडे सरकवली. "आता तुझं लिही."

मला काय लिहायचं कळेना. मग लिहिलं: पंढरपूर, मंगळवेढा. आत्या बरोबर होती. परवा लेक घरी येणार.

सहावा दिवस

सकाळची हुतात्मा साडेसहाला. नको नको म्हणत असताना आत्या स्टेशनवर आली. हातात कडक भाकऱ्यांचं गाठोडं, वर वेगळ्या कागदात एकच भाकरी. "ही पहिली," ती म्हणाली, "गाडीत कुणाला तरी दे."

गाडी हलायला लागली तशी ती खिडकीबरोबर दोन पावलं चालली. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"मी तवा फोनवर बोलले ते मनाला लावून घेतलंस का गं?"

"नाही आत्या."

"अडलं तरी ये हं," ती मोठ्यानं म्हणाली, गाडीच्या आवाजात ऐकू यावं म्हणून. "अडलं तरी येच."